‘फक्त क्वार्टर’ म्हणजे किती प्याले?

कापसाच्या हंगामात मानवतच्या बाजारात एखाद्या सकाळी जाऊन उभे राहावे. गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याचे डोळे आकड्यावर खिळतात. वजन किती भरले, ओलावा किती धरला, कपात किती झाली, याची तो खडान्‌खडा चौकशी करतो. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण हमीभाव, पुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि बाराच्या वर कापूस परत, हा नियम ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही त्यालाही पाठ असतो. एका टक्क्यासाठी तो वाद घालतो, आणि त्याने तो घालावाच. वर्षभराच्या घामाचे ते मोल आहे. मापात मारणाऱ्याला आपल्या समाजाने कधी क्षमा केलेली नाही.

मात्र त्याच बाजारातून संध्याकाळी परतणाऱ्यांपैकी काहींच्या हाती जी बाटली येते, तिच्यात नेमके काय आणि किती आहे, हे त्यांच्यापैकी कोणीही विचारत नाही. तिथे मापाची सारी हुशारी संपते. तिथे उरते केवळ एक नाव : क्वार्टर. कोणी तिला ‘पावशेर’ म्हणतो, कोणी नुसते ‘एकशेऐंशी’. शेर जाऊन किलो आले, पायली गेली, मण गेला. दारूच्या गुत्त्यावर मात्र पावशेर अजून जिवंत आहे!

घरभेटीला गेलेल्या कार्यकर्त्यांना एक संभाषण परिचयाचे असेल. “ताई, मालक घेतात का?” असे अडखळत विचारले की पदराशी चाळा करीत उत्तर येते, “घेतेत की दादा, पण लई न्हाई. फकस्त क्वार्टर. तेवढी घेऊन गप पडतेत.” ऐकणाराही सुटकेचा निःश्वास टाकतो. दंगा नाही, मारझोड नाही, ‘फक्त क्वार्टर’ आहे; म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेले नाही, अशी नोंद मनाशी करून तो पुढच्या घरी जातो.

या लेखाचा सारा रोख त्या ‘फक्त’ या शब्दावर आहे. हा शब्द खोटा आहे. तो त्या माउलीने रचलेला नाही, तिच्या नवऱ्यानेही नाही. तो बाटलीच्या आकारातून जन्मला आणि आपणा सर्वांच्या अज्ञानावर पोसला गेला.

नाव पावाचे, ओझे सहांचे

हिशेब साधा आहे. पाचवीतल्या मुलालाही तो मांडता येईल. क्वार्टरच्या बाटलीत १८० मिलीलिटर द्रव असतो. बाटलीवर बारीक अक्षरांत ‘४२.८ टक्के’ असे छापलेले आढळते. याचा अर्थ, त्या १८० मिलीलिटरपैकी सुमारे ७७ मिलीलिटर निव्वळ अल्कोहोल आहे. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते. त्याच्या एका मिलीलिटरचे वजन ०.७८९ ग्रॅम भरते. म्हणजे क्वार्टरमध्ये जवळजवळ ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाले.

आता हे ६१ ग्रॅम कशाशी ताडून पाहायचे? वैद्यकशास्त्राने त्यासाठी ‘एक प्रमाण पेय’ नावाचे माप ठरविले आहे. देशोदेशी ते थोडे भिन्न आहे. ब्रिटनमध्ये ८ ग्रॅम, अमेरिकेत १४ ग्रॅम; जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत आणि आपल्याकडील डॉक्टरांच्या व्यवहारात साधारणतः १० ग्रॅम धरले जातात. आपल्या परमिट रूममधला ३० मिलीलिटरचा छोटा पेग म्हणजे बरोबर हे दहा ग्रॅम. त्या हिशेबाने एक क्वार्टर म्हणजे सहा पेये. ‘एक’ नव्हे, ‘पाव’ नव्हे, सहा!

याच जागतिक आरोग्य संघटनेने अतिमद्यपानाचीही एक सीमारेषा आखलेली आहे. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक शुद्ध अल्कोहोल पोटात गेले, आणि असे महिन्यातून एकदा जरी घडले, तरी त्या माणसाची गणना अतिमद्यपान करणाऱ्यांत होते. आपल्या मावशीचे मालक ही रेषा महिन्यातून एकदा नव्हे, रोज ओलांडतात. आणि आपण म्हणतो, ‘फक्त क्वार्टर’!

गंमत अशी की हे नावही खरे नाही. पूर्ण बाटली, म्हणजे बोलीभाषेतला ‘खंबा’, ७५० मिलीलिटरची असते. तिचा चौथा भाग साडेएकशेसत्त्याऐंशी मिलीलिटर होतो, एकशेऐंशी नव्हे. जी पाव म्हणवून पुरती पावही भरत नाही, तिच्या नावावर विश्वास टाकून आपण माणसाच्या प्रकृतीचा निवाडा करीत असतो.

पिणाऱ्यांच्या मंडळींत काही समजुती वेदवाक्यासारख्या चालतात. पाणी घातले की दारू ‘हलकी’ होते, ही त्यांतली पहिली. पाण्याने घोट सौम्य होतो, पोटात जाणारे ग्रॅम तेवढेच राहतात. दुसरी समजूत, भरपेट जेवले म्हणजे काही होत नाही. जेवणाने अल्कोहोल रक्तात उतरण्यास विलंब लागतो. ते नाहीसे होत नाही. तिसरी, लिंबू, लोणचे किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी ‘उतरते’. यकृताला यांतले काहीही कळत नाही. सामान्य माणसाचे यकृत तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. एकसष्ट ग्रॅमसाठी त्याला सहा ते नऊ तास लागणार. रात्री दहाला क्वार्टर रिचविणारा माणूस पहाटे चारला मोटारसायकलला लाथ मारतो, तेव्हा तो ‘उतरलेला’ आहे याची खात्री कोण देईल?

मानवत हे कल्याण–निर्मल महामार्गावरचे गाव आहे. पाथरीकडून परभणीकडे जाणारी अवजड वाहने इथल्या दुचाकीस्वारांच्या शेजारून दिवसरात्र धावतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्हीही होऊ शकतात. साठ किलो वजनाच्या माणसाने घाईघाईने क्वार्टर संपविली, तर हे प्रमाण शंभराच्या पार सहज जाते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. पुढे २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दीपुरते ते बंधन सैल झाले. दुकान रस्त्यापासून किती मीटरवर असावे याचा देशभर ऊहापोह झाला. बाटली माणसाला रस्त्यावर किती तास अपात्र करते, याचा ऊहापोह कोणत्या चौकात झाला?

खजिन्याला कळते ते घराला का नाही?

यावर कोणी म्हणेल, एवढे बारीक मोजमाप सर्वसामान्यांच्या व्यवहारात कुठे शक्य आहे? शक्य नाही, असे मुळीच नाही. ते रोज केले जाते, आणि अत्यंत काटेकोरपणे केले जाते. फक्त ते पिणाऱ्याच्या घरात होत नाही. शासनाच्या खजिन्यात होते.

क्वार्टरच्या बाटलीवर अनेकदा ‘२५ यू.पी.’ अशी अक्षरे दिसतात. वाचणाऱ्याला वाटावे, पंचवीस टक्के दारू! वस्तुतः ‘यू.पी.’ म्हणजे अंडर प्रूफ. इंग्रजी अमलात मद्यावर कर बसविण्यासाठी ‘प्रूफ’ नावाचे माप ठरले. मद्यात भिजविलेली बंदुकीची दारू पेट घेते की नाही यावरून म्हणे त्याचा कस ठरवीत. पुढे या मापाचे शास्त्र झाले आणि ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे शंभर प्रूफ असे निश्चित झाले. त्याच्या पंचवीस अंश खाली म्हणजे पंच्याहत्तर प्रूफ, म्हणजेच आपले ४२.८ टक्के. इंग्रज गेला, त्याचे शेर-रत्तल गेले. प्रूफ मात्र आपल्या अबकारी वहीत राहिले, कारण त्यावर महसूल मोजला जातो.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कवाढीचा निर्णय घेतला. त्यात देशी मद्यावरील उत्पादन शुल्क ‘प्रूफ लिटर’मागे १८० रुपयांवरून २०५ रुपयांवर नेले. शासन देशी दारूवर कर लावताना बाटल्या मोजीत नाही, द्रवही मोजीत नाही. द्रवातील अल्कोहोल मोजते. पंचवीस यू.पी.च्या क्वार्टरमध्ये ०.१३५ प्रूफ लिटर असते आणि त्यावर सुमारे पावणेअठ्ठावीस रुपये शुल्क होते, हा हिशेब सरकारी कारकुनाला पैशापर्यंत पाठ आहे. त्याच निर्णयाने १८० मिलीलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ किंमतही ठरविली गेली : देशीला ८० रुपये, ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला १४८, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला २०५ आणि उंची विदेशी मद्याला ३६० रुपये. या साऱ्यातून खजिन्यात चौदा हजार कोटींची भर पडेल, असा अंदाज बांधण्यात आला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. किमान किंमत ठरविण्यासाठी शासनाने जे माप निवडले ते ३० मिलीलिटरचे नाही, ६० चेही नाही. ते १८० चे आहे. जागतिक आरोग्य संघटना जिथे अतिमद्यपानाची रेषा ओढते, तिथून आपल्याकडील विक्रीचे प्रचलित माप सुरू होते! डॉक्टरांचे एक पेय दहा ग्रॅमचे, शासनाच्या भाषेतले ‘युनिट’ बाटलीएवढे. मद्यप्राशनाच्या परवान्यावर महिन्याला बारा युनिटांची जी मुभा असते, तीही बाटलीच्याच हिशेबाची. दोन खाती, दोन भाषा, आणि मधल्या दरीत सामान्यांचे संसार.

आता याच ऐंशी रुपयांकडे त्या ताईच्या बाजूने पाहू. रोज एक क्वार्टर म्हणजे महिन्याला २,४०० रुपये, वर्षाला २९ हजारांच्या घरात. २०२५–२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. त्याचा चौथा भाग ७८ रुपये. म्हणजे क्वार्टरला दुसऱ्या कोणत्या अर्थाने नसले, तरी या अर्थाने ‘पाव’ म्हणणे रास्त आहे : ती दिवसाच्या मजुरीचा चौथा हिस्सा गिळते. जुलै २०२४ पासून शासन ‘लाडक्या बहिणी’च्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये जमा करू लागले. ज्या घरात रोजची क्वार्टर आहे, त्या घरात ते दीड हजार पुरत नाहीत. आणखी नऊशे रुपये तिच्या खुरपणी-वेचणीच्या मजुरीतून जातात. एका हाताने ओवाळणी घालायची आणि दुसऱ्या हाताने तीच ओवाळणी शुल्कासह परत घ्यायची, याला कोणत्या शास्त्रात भाऊबीज म्हणतात?

हा प्रश्न कोणा एका पक्षाच्या सरकारला नाही. सत्तेवर कोण बसले आहे, यावरून ग्रॅम बदलत नाहीत. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेधाच्या दिशेने प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ती आपले ज्यांच्याशी मतभेद आहेत त्यांच्यावर जेवढी, तेवढीच ज्यांच्यासाठी आपण राबलो त्यांच्यावरही आहे. आपलेपणामुळे प्रश्न विचारण्याचा अधिकार वाढतो, कमी होत नाही.

सभ्य मापांची लबाडी

इथवर वाचून शहरी, सुशिक्षित वाचकाने मान डोलाविली असेल : खरे आहे, गोरगरिबांचे या देशीने वाटोळे केले! त्याने आता आपल्या दिवाणखान्यातले मापही तपासावे.

‘आमचे हे कधीतरी, दोनच पेग घेतात.’ कोणते दोन? पेग छोटा की मोठा? मोठा पेग ६० मिलीलिटरचा. त्यात दोन पेये. दोन मोठे पेग म्हणजे चार पेये, चाळीस ग्रॅम. ही झाली मापाने ओतणाऱ्या हॉटेलातली गोष्ट. घरी मित्रमंडळींच्या बैठकीत माप कोण वापरतो? यजमान उदार असतो, पेला रुंद असतो आणि बर्फामुळे भरलेले किती हे दिसत नाही. ‘पतियाळा’ म्हणून जो पेग कौतुकाने ओतला जातो, तो १२० मिलीलिटरच्या आसपास भरतो. तसे दीड झाले की क्वार्टर संपली. फरक एवढाच की गुत्त्यावरच्या माणसाने ती ऐंशी रुपयांत संपविली आणि आपण काजू-पिस्त्यांसह, मागे मंद संगीत लावून!

‘आमचा मुलगा दारू घेत नाही, फक्त बियर घेतो’, हे आणखी एक वाक्य. ६५० मिलीलिटरच्या साध्या, पाच टक्के अल्कोहोलच्या बियरमध्ये सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे अडीच पेये असतात. आपल्याकडे मागणी असते ती ‘स्ट्राँग’ला. आठ टक्क्यांच्या बाटलीत ४१ ग्रॅम. चार छोटे पेग. दोन बाटल्या घेणाऱ्या मुलाने क्वार्टरपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने अधिक अल्कोहोल पोटात घातलेले असते. त्याच्या आईला मात्र बियर म्हणजे सरबताचे थोरले भावंड वाटते.

वाइनचे सोवळे तर त्याहून मोठे. २७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दालनांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा द्राक्ष बागायतदारांचे हित आणि वाइनचे सौम्यपण यांचे पोवाडे गाइले गेले. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय रेंगाळला. त्या साऱ्या वादात एक साधे गणित क्वचितच कोणी मांडले. १२ टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनचा १५० मिलीलिटरचा एक पेला घ्या. त्यात १४ ग्रॅम निघतात, छोट्या पेगपेक्षा अधिक. ७५० मिलीलिटरची संपूर्ण बाटली घ्या. त्यात ७१ ग्रॅम निघतात. देशीच्या क्वार्टरमध्ये ६१! ज्या बाटलीला आपण दारूच म्हणायला तयार नाही, तिच्यात देशीच्या बाटलीपेक्षा दहा ग्रॅम अधिक आहेत. पेल्याचा आकार, पेयाचा रंग आणि पिणाऱ्याची प्रतिष्ठा यांवर यकृताचा विश्वास नसतो. ते तराजू घेऊन बसलेले असते.

‘जबाबदारीने प्या’ हा उद्योगाचा आवडता उपदेशही या संदर्भात पारखून घ्यावा. ज्याला किती प्यालो हेच ठाऊक नाही, त्याने जबाबदारी कशाची घ्यायची? माप न सांगता जबाबदारी शिकविणे म्हणजे काटा झाकून वजनाची खात्री देणे होय.

माप शिकविणे म्हणजे पिणे शिकविणे नव्हे

आपल्यातीलच काही ज्येष्ठ मंडळींचा येथे प्रामाणिक आक्षेप असू शकतो. ते म्हणतील, दारू वाईट. मग तिची मापे कशाला सांगायची? एक पेय, दोन पेये असे शिकवू लागलो, तर ‘एवढे चालते’ असा अर्थ तरुण काढतील. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

‘एवढे चालते’ असे या लेखात कुठेही म्हटलेले नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात बसविले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक नाही. तेव्हा शून्य हेच उत्तम माप, यात शंका नाही. पण जो शून्यावर नाही, तो शून्यापासून किती दूर आहे, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना कळायला नको का? ताप नसावा हे खरे. म्हणून कोणी थर्मामीटर फेकून देत नाही.

आपल्या परंपरेलाही मात्रेचा विचार अपरिचित नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘मदात्यय’ या विकाराला स्वतंत्र अध्याय आहे, आणि मद्याचा विचार तिथे मात्रेला सोडून होत नाही. आधुनिक महाराष्ट्रात महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत असताना दारूच्या वाढत्या दुकानांना विरोध केला. लोकमान्य टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यातील मद्यपानविरोधी चळवळीला बळ दिले. एरवी परस्परांपासून दूर मानले जाणारे हे दोन प्रवाह या एका प्रश्नावर जवळ आलेले दिसतात, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

आणि राम गणेश गडकरी! १९१९ च्या प्रारंभी गडकरी गेले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. शंभर वर्षे लोटली. सुधाकर, सिंधू आणि तळीराम अजून आपल्या घरादारांत वावरतात. या नाटकाचे मर्म त्याच्या नावात आहे. सुधाकराचा सर्वनाश पिंपभर दारूने सुरू होत नाही. तो सुरू होतो ‘एकच’ या शब्दाने. आजचा ‘फक्त क्वार्टर’ हा त्याच ‘एकच’चा नातू आहे. माप लहान भासविणारा शब्द हीच व्यसनाची पहिली पायरी असते, हे गडकऱ्यांनी ओळखले होते. म्हणून त्या शब्दाची फोड करून दाखविणे हे पिणे शिकविणे नसून तळीरामाचे तोंड बंद करणे आहे.

दुसरेही एक कारण आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्र शासनासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींचे पिणे हानिकारक किंवा पराधीनतेच्या पातळीचे आहे. दर तीन पिणाऱ्यांमागे एकाला मदतीची गरज आहे. ही माणसे गटारात पडलेली नाहीत. त्यांतली अनेक रोज कामावर जातात, मुलांची फी भरतात आणि ‘गप पडतात’. मापाशिवाय ती ओळखूच येत नाहीत. हातभट्टीचा धोका निराळाच. तिथे मापही नाही आणि आत काय आहे याचा भरवसाही नाही. २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले. पण त्या मृत्यूंची बातमी होते. क्वार्टरने पोखरलेल्या यकृताची बातमी होत नाही, केवळ दहाव्याचे पिंड पडतात.

मागणी आणि कर्तव्य

मागण्या मोजक्या आहेत. पहिली, प्रत्येक बाटलीवर तिच्यात किती ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे आणि त्याची प्रमाण पेये किती, हे मराठीत, ठळक आकड्यांत छापावे. क्वार्टरवर ‘६’ हा आकडा ब्रँडच्या नावाएवढा मोठा दिसला पाहिजे. ज्या खात्याला प्रूफ लिटर मोजता येते, त्याला हे अवघड नाही. दुसरी, परमिट रूममधल्या पेगाच्या मापांची तपासणी वैधमापन शास्त्र खात्याने किराणा दुकानाच्या काट्याइतक्याच कसोशीने करावी. तिसरी, आडव्या बाटलीच्या मतदानाविषयी. २००८ च्या आदेशानुसार पंचवीस टक्के महिलांनी मागणी केली की मतदान होते. परंतु दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर नोंदणीकृत मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आमदार-खासदार मोजलेल्या मतांवर निवडून येतात. बाटली आडवी करणाऱ्या बायकांनीच न आलेल्यांचे ओझे का वाहावे?

मात्र मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या हाती घरे आहेत, भेटी आहेत, महिलांची मंडळे आहेत. सातवी-आठवीच्या मुलांना व्यवहारी गणितात नफा-तोटा आपण शिकवितो. मिलीलिटरला टक्क्यांनी गुणावे, येणाऱ्या संख्येला ०.७८९ ने गुणावे, हे एक उदाहरण त्यात घालता येईल. घरात बाटली येत असेल तर तिचा आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज लिहावा. भांडण न करता, नुसता लिहावा. महिनाअखेरीस बेरीज करावी. रोजच्या क्वार्टरची बेरीज १८० पेये होते. हा आकडा पाहून मनुष्य उपदेशापेक्षा लवकर अंतर्मुख होतो. आणि ज्याला सोडायची आहे, त्याला ‘एकदम टाक’ असे दरडावू नये. रोज पिणाऱ्याने अचानक थांबल्यास झटके, भ्रम असे जिवावर बेतणारे त्रास उद्‌भवू शकतात. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे, सोबत आपण जावे.

मानवतच्या काट्यावर एका टक्क्यासाठी हुज्जत घालणारा तो शेतकरी अडाणी नाही. त्याला माप कळते, खोट ओळखता येते आणि फसविणाऱ्याला जाब विचारण्याचे धैर्यही त्याच्यापाशी आहे. हीच जागरूकता बाजारातून घराच्या उंबऱ्यापर्यंत यायला हवी. पुढच्या घरभेटीत “फकस्त क्वार्टर” असे उत्तर आले, तर कार्यकर्त्याने सुटकेचा निःश्वास टाकू नये. त्याने खाली बसावे, पाण्याचा तांब्या मागावा, एक छोटा पेला घ्यावा आणि त्या माउलीपुढे, शक्य झाल्यास मालकांपुढेही, एक-एक करून सहा पेले भरून मांडावेत. मग शांतपणे एवढेच म्हणावे, “ताई, मोजा.”